नेव्हिरॅपिन आणि एच.आय.व्ही. बाधित स्त्रिया : औषधजन्य दाहाची कारणमीमांसा

प्रस्तावना :

भारतात १ एप्रिल २००४ पासून एच.आय.व्ही. बाधितांसाठी मोफत अँटिरेट्रोव्हायरल उपचारांचा शासकीय कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभीच्या औषधसंचांत नेव्हिरॅपिन हे एक प्रमुख औषध होते. या औषधाने असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढविले. मात्र त्वचा व यकृत यांचा दाह हा त्याचा गंभीर दुष्परिणाम पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळला. त्याची कारणे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दाहाचे स्वरूप :

उपचाराच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका सर्वाधिक असतो. पुरळ, ताप, मळमळ व कावीळ ही त्याची लक्षणे होत. क्वचित त्वचा सोलवटून निघते व जिवावर बेतते. म्हणूनच पहिले १४ दिवस दररोज २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा आणि त्यानंतर दिवसातून दोन मात्रा, असा क्रम ठरविण्यात आला.

कारणमीमांसा :

सामान्यतः दुर्बल रुग्णास औषध सोसत नाही, असा आपला समज असतो. येथे चित्र उलट दिसते. रक्ताच्या प्रति घन मिलिमीटरमध्ये २५० पेक्षा अधिक सीडी-४ पेशी असलेल्या स्त्रियांपैकी ११ टक्के स्त्रियांत यकृतदाहाची लक्षणे दिसली. त्याहून कमी पेशी असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ०.९ टक्के होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये याविषयी इशारा दिला. पुढील सर्वच अभ्यासांत हा फरक इतका ठळक आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

शरीरात नेव्हिरॅपिनचे विघटन होताना तयार होणारे काही क्रियाशील घटक प्रथिनांना चिकटतात. प्रतिकारयंत्रणा त्यांना परके समजून प्रतिक्रिया देते. म्हणजे हा दाह प्रतिकारशक्ती शिल्लक असल्याचाच परिणाम ठरतो. उंदरांवरील प्रयोगांतही पुरळ प्रामुख्याने माद्यांमध्ये उठले आणि सीडी-४ पेशी घटविल्यावर त्यांना संरक्षण मिळाले.

धोरणातील बदल :

कालांतराने उपचार लवकर, म्हणजे सीडी-४ पेशी पुरेशा असतानाच, सुरू करण्याचे धोरण आले. त्यामुळे हे औषध अधिकाधिक स्त्रियांसाठी अयोग्य ठरू लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये एफाव्हिरेन्झला व २०१९ मध्ये डोल्युटेग्राव्हिरला प्रथम पसंती दिली.

निष्कर्ष :

औषध बदलले तरी यातील बोध कायम आहे. नव्या गोळीनंतरची मळमळ वा पुरळ स्त्रिया पित्त किंवा दगदग म्हणून अंगावर काढतात, तर काही जणी भीतीने परस्पर उपचार थांबवितात. पहिल्याने जीव धोक्यात येतो, दुसऱ्याने विषाणू औषधांना दाद देईनासा होतो. लक्षण दिसताच उपचार केंद्र गाठणे हाच सुरक्षित मार्ग होय. महाविद्यालयांतील रेड रिबन क्लबांनी प्रतिबंधाबरोबरच ही माहितीही विद्यार्थिनींपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.