मुंबईत गाडीला ठोकर लागली : विमा मागावा की पदरचे भरावे?



एके काळी आपल्या भागातली माणसे लालबाग-परळच्या गिरण्यांत कामाला जात, ती एस.टी.ने नाहीतर रेल्वेने. आता गिरण्या राहिल्या नाहीत, पण मुंबईची वाट सुटलेली नाही. परळला के.ई.एम. किंवा टाटा रुग्णालयात पेशंट न्यायचा असतो, दादरला बस्ता बांधायचा असतो, गिरगावात पाहुणे असतात, गणपतीत लालबागला जायचे असते. या खेपा आता घरच्या गाडीने होतात. भारतमाता ते हिंदमाता अंतर थोडेच, पण बस, टॅक्सी, हातगाडी आणि माणूस सगळे एकाच गर्दीतून चालतात. वेग कमी, म्हणून मोठा अपघात टळतो; पण बंपर फुटणे, दिवा जाणे, दाराला पोचा पडणे हे होतेच. दवाखान्यासाठी आणलेले पैसे अशा वेळी रस्त्यावरच संपू नयेत, यासाठी ही माहिती.

आधी माणूस, मग गाडी

कोणाला लागले आहे का, हे प्रथम पाहावे. लागले असल्यास १०८ ला रुग्णवाहिकेसाठी आणि ११२ ला पोलिसांसाठी फोन करावा. जखमीला उपचार मिळवून देणे, पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणे, ही तिन्ही कामे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकावर टाकली आहेत. हजार-दोन हजार हातावर ठेवून जागेवर मिटवण्याचा मोह होतो. तो टाळावा. आज मुका मार वाटतो, उद्या हाड मोडल्याचे निघते. मग भरपाईचा दावा उभा राहतो आणि आपल्या हाती कागद नसतो. समोरच्याच्या इजेची भरपाई देण्यासाठीच तर सक्तीचा विमा आहे.

कोणाला इजा नसेल तर हुज्जत घालू नये. दोन्ही गाड्यांचे नंबर, जागा आणि नुकसान यांचे फोटो काढावेत, समोरच्याचे नाव व फोन लिहून घ्यावा आणि गाडी कडेला घ्यावी. वजनकाट्याची पावती आपण जशी जपून ठेवतो, तसेच हे फोटो जपावेत. विमा मागायचा विचार असल्यास त्याच दिवशी कंपनीला कळवावे, आणि सर्व्हेअरने पाहणी करण्याआधी गाडी दुरुस्तीला खोलू नये. गाडी सुरक्षित चालण्यासारखी असेल तर कंपनीला विचारून पाहणी व दुरुस्ती आपल्या तालुक्याच्या गावीही करता येते.

कोणता विमा चालू आहे?

आपल्याकडे पुष्कळांची इथेच फसगत होते. सक्तीचा असतो तो समोरच्याच्या नुकसानीचा विमा. त्यातून आपल्या गाडीला रुपयाही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा विमा लागतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला सक्तीचा विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा मात्र बहुधा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. दुसऱ्या वर्षी "इन्शुरन्स आहे की" म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि ठोकर बसल्यावर अर्धाच विमा चालू असल्याचे कळते.

हिशोब मांडून पाहावा

जुन्या पद्मिनी टॅक्सीचा बंपर लोखंडी होता, तो ठोकून सरळ होई. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आताचा बंपर प्लास्टिकचा, फुटला की बहुधा बदलावाच लागतो. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. काचेवर कापत नाहीत. शिवाय १५०० सी.सी.पर्यंतच्या मोटारीला पहिले १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये आपणच सोसायचे असतात.

समजा, लहान गाडीचा बंपर ८,००० आणि रंगकाम ४,००० असे १२,००० चे बिल झाले. बंपरचे ४,००० कापले. रंगकामाचा चौथा हिस्सा, म्हणजे १,००० रुपये, रंगसाहित्याचा धरतात; त्याचे निम्मे ५०० कापले. पहिले १,००० आपले. हाती आले ६,५००.

आता दुसरी बाजू. मागणी न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात सूट मिळते : २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के, अशी चढत जाते. एकदा मागणी केली की ती शून्यावर येते. आपली सूट ३५ टक्क्यांवर आहे आणि स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० आहे असे धरा. पुढच्या वर्षी ४५ टक्क्यांनी ५,४०० वाचणार होते, ते गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच, म्हणजे आणखी ३,६०० गेले. दोनच वर्षांत ९,००० गमावून ६,५०० घेतले. अशा वेळी पदरचे भरणे शहाणपणाचे. ऑपेरा हाऊसच्या बाजूला सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथला भाव विचारून मगच गॅरेजवाल्याला हो म्हणावे. बिल तीस-चाळीस हजारांवर गेले, किंवा घसारा न कापण्याची जोड पॉलिसीला असली, तर हिशोब उलटतो. तेव्हा जरूर मागणी करावी.

भाड्याची खेप नको

घरच्या गाडीत सीटमागे भाडे घेऊन पेशंट किंवा भाविक नेणे काहींच्या अंगवळणी पडले आहे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, आणि त्या कारणावरून मागणी नाकारली जाऊ शकते. चालवणाऱ्या पोराचे लायसनही चालू हवे.

मागणी अन्यायाने नाकारली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.

मुंबईला निघण्याआधी पॉलिसी काढून तीन गोष्टी पाहाव्यात : स्वतःच्या नुकसानीचा विमा कोणत्या तारखेपर्यंत आहे, सूट किती टक्के आहे आणि कंपनीचा फोन नंबर कोणता. तिन्ही एका कागदावर लिहून तो कागद गाडीतच ठेवावा. गाडी कोणी का चालवत असेना, वेळेला सापडेल.