चिकाचे दूध आणि दारावरचे राखणदार

गाय व्याली म्हणजे घरातले जाणते माणूस पहिली सूचना काय करते? "वासराला आधी चीक पाजा, मग बाकीचे बोला." वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा खरवस होतो आणि शेजारीपाजारी वाटला जातो. चीक न मिळालेले वासरू हगवण लागून दगावते, हे शेतकऱ्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. अनुभवाने त्याला ते ठाऊक असते.

पण त्याच घरात सून बाळंत झाली, की कित्येक ठिकाणी काय होते पाहा. तिचे पहिले दाट, पिवळसर दूध 'बाळाला बाधेल' म्हणून पिळून टाकले जाते आणि बाळाला मधाचे बोट चाटवले जाते. गोठ्यात एक न्याय आणि माजघरात दुसरा! हे दूध टाकून दिल्याने बाळाचे नेमके काय जाते, ते आज आपण समजून घेऊ.

आपल्या शरीराची सगळी कातडी पसरली तर ती दीड-दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे जेमतेम एका घोंगडीएवढी. उलट आतड्याचे आतील अस्तर, त्याच्या असंख्य घड्या उलगडून मांडले तर, सुमारे ३० चौरस मीटर होते. शाळेतील एका लहान वर्गखोलीची सारी जमीन झाकेल इतके! नाक, घसा, फुप्फुसे यांचे अस्तर वेगळेच. या ओलसर, बुळबुळीत अस्तराला श्लेष्मल आवरण म्हणतात. रोगजंतू बहुधा याच वाटेने आत शिरतात. मग निसर्गाने येथे कातडीसारखा जाड तट का बांधला नाही? कारण उघड आहे. तट जाड केला तर अन्नरस आत जाणार कसा? दार उघडे ठेवणे भाग आहे, म्हणून दारावर राखणदार हवा.

या राखणदाराची ओळख पटायला एक कोंबडी उपयोगी पडली. कोंबडीच्या शेपटीकडे, विष्ठेच्या मार्गाजवळ, एक लहानशी पिशवी असते. तिला 'बर्सा' म्हणतात. तिचे काम काय, हे फार काळ कोणाला उमगले नव्हते. अमेरिकेतील ओहायो येथे ब्रूस ग्लिक नावाच्या तरुण संशोधकाने पिल्लांची ही पिशवी काढून टाकली होती. पुढे त्याच्या एका सहाध्यायाने वर्गात प्रयोग दाखवण्यासाठी त्याच्याकडून कोंबड्या मागून नेल्या. त्यांना जंतू टोचले, की रक्तात त्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली दिसावीत, असा तो प्रयोग. पण पिशवी काढलेल्या कोंबड्यांत ती दिसेनात! प्रयोग फसला आणि शोध लागला. १९५६ साली तो प्रसिद्ध झाला. बर्सात वाढणाऱ्या या पेशींना पुढे 'बी-पेशी' असे नाव पडले. माणसाला अशी पिशवी नसते. त्याच्या बी-पेशी हाडांतील मगजात जन्मतात.

आता या पेशी जाग्या कशा होतात ते पाहू. प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर एकाच घडणीची प्रतिपिंडे असतात. कुलपाला जशी एकच किल्ली बसते, तसा त्या प्रतिपिंडांना ठरावीक आकाराचाच तुकडा बसतो. शरीरात अशा नाना घडणींच्या कोट्यवधी पेशी फिरत असतात. एखादा जंतू आला आणि त्याचा तुकडा एखाद्या पेशीच्या कुलपात बसला, की ती चेतते. पण एवढ्यावर शरीर सहसा विसंबत नाही. 'टी' नावाच्या दुसऱ्या जातीच्या पेशीने तोच जंतू ओळखून रुकार द्यावा लागतो. पंचाने साक्ष द्यावी तसे म्हणा. मग मात्र त्या एका पेशीच्या हजारो होतात. त्यांतल्या काही प्रतिपिंडांचे कारखानेच बनतात आणि दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडे बाहेर टाकतात. काही पेशी आठवण धरून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला, तर त्या वेळ न दवडता उभ्या राहतात.

हेच काम आतड्याच्या दारावर कसे चालते, ते तर फारच मौजेचे आहे. लहान आतड्याच्या अस्तरात जागोजागी पेशींचे पुंजके असतात. स्वित्झर्लंडच्या पेयर नावाच्या वैद्याने १६७७ साली त्यांचे वर्णन केले. जकात नाक्यावर गाडीतला माल काढून पाहावा, तसे या पुंजक्यांवरील खास पेशी आतड्यातून जाणाऱ्या जंतूंचे नमुने आत घेतात. तेथे चेतलेल्या बी-पेशींना 'ए' जातीची प्रतिपिंडे करण्याची शिकवण मिळते. मग त्या लसिकेतून रक्तात जातात आणि फिरून आतड्याच्या अस्तराशी येऊन ठाण मांडतात. त्यांनी केलेली प्रतिपिंडे दोन-दोन जोडून अस्तराच्या पेशींतून आतड्यात सोडली जातात. जाताना त्यांच्यावर एक संरक्षक वेष्टण चढते, त्यामुळे पाचकरसांत ती सहसा विरघळत नाहीत.

ती तेथे करतात काय? जंतूला चिकटतात आणि त्याला भिंतीशी चिकटू देत नाहीत. असा बांधला गेलेला जंतू शौचावाटे बाहेर पडतो. आग नाही, सूज नाही, गाजावाजा नाही. शरीर रोज काही ग्रॅम 'ए' प्रतिपिंडे तयार करते. इतर सर्व जातींची मिळूनही तेवढी होत नाहीत.

आता पुन्हा बाळंतिणीच्या खोलीत या. आतड्यात शिकून तयार झालेल्या याच पेशींपैकी काही गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतर आईच्या स्तनांत जाऊन बसतात. म्हणजे ज्या विहिरीचे पाणी आई प्याली, ज्या अंगणात वावरली, तेथल्या जंतूंना ओळखणारी प्रतिपिंडे तिच्या दुधात उतरतात. बाळ त्याच घरात वाढायचे असते! ही प्रतिपिंडे पहिल्या दिवसांच्या चिकात सर्वांत जास्त असतात.

कोणी विचारील, "अहो, बाळाला पोटातच आईकडून सगळे मिळत नाही का?" रक्तातली प्रतिपिंडे वारेतून मिळतात, हे खरे. पण 'ए' जातीची वारेतून जात नाहीत आणि बाळाच्या स्वतःच्या आतड्यात ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर दार राखायचे कोणी? आईच्या दुधाने. वासराची गोष्ट थोडी निराळी. गाईच्या वारेतून प्रतिपिंडे जातच नाहीत. वासरू ती पहिल्या दिवसातच चिकावाटे आतड्यातून रक्तात शोषून घेते. माणसाच्या बाळात ती मुख्यतः आतड्यातच राहून पहारा देतात. रीत वेगळी, पण निष्कर्ष एकच: चीक टाकू नये.

मात्र आईने दिलेला पहारा उसना असतो. बाळाला स्वतःचे राखणदार तयार करावेच लागतात. पोलिओचे थेंब तोंडात का घालतात, ते आता ध्यानात येईल. नुसत्या सुईने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि पांगळेपण टळते, पण आतड्यात विषाणू वाढून दुसऱ्या मुलाकडे जाऊ शकतो. थेंबांतील दुबळा केलेला विषाणू आतड्याच्या नाक्यावरच पेशींना शिकवतो. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. आज आपल्याकडे थेंब आणि सुई दोन्ही देतात. आधी थेंब घेतलेल्या मुलाला सुई दिली, तर आतड्यातील पहाराही पुन्हा बळकट होतो. तेव्हा थेंब दिले म्हणून सुई चुकवू नये आणि सुई दिली म्हणून थेंब चुकवू नयेत.

शिक्षकांना आणि घरातील कर्त्या मंडळींना सांगायचे ते थोडेच आहे. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर पाजावे. सहा महिने आईच्या दुधावाचून मध नको, गुटी नको, पाणीही नको. डॉक्टरांनी सांगितलेले औषध तेवढे द्यावे. हे सांगताना म्हाताऱ्या सासूबाईंना अडाणी ठरवू नका. त्यांना एवढेच विचारा, "आजी, वासराला चीक पाजला नाही तर काय होतं हो?" उत्तर त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.