आपल्या हातची धाटणी

‘बेतणें’ या क्रियापदाचे मराठींत दोन अर्थ आहेत. मनाशीं एखादी गोष्ट योजणें हा एक, आणि अंगाच्या मापानें कापड कापून वस्त्र सिद्ध करणें हा दुसरा. ज्यांनीं या दोन क्रियांना एकच शब्द दिला त्यांना कात्रीचें मर्म पुरतें कळलें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. कारण कापडावर कात्री चालण्यापूर्वींच वस्त्राचें निम्मेंअधिक काम मनांत झालेलें असतें. तयार कपडे दुकानांतून आणून अंगांत घालणाऱ्याला या मनांतल्या बेताचा लाभ होत नाहीं. त्याचा बेत दुसऱ्या कोणीं तरी, त्याला न पाहतां, आधींच करून ठेविलेला असतो.

शिवणकामाचे फायदे सांगतांना काटकसरीचें नांव पहिल्यानें घेण्याची चाल आहे. ती आज तितकीशी खरी राहिलेली नाहीं. कापड, दोरा, बटणें आणि आपला वेळ हीं जमेस धरलीं तर बाजारांतला तयार सदरा पुष्कळदां स्वस्तच पडतो. तेव्हां प्रस्तुत लेखाचा मुद्दा बचतीचा नव्हे. जी मुलें व मुली स्वतःचे कपडे स्वतः शिवतात, त्यांच्या पोशाखाला हळूहळू स्वतःची अशी एक धाटणी येते. ती कशी येते, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

पहिला धडा मापाचा. तयार कपड्यांचा कारखाना एका कोष्टकावरून काम करितो. छाती इतकी तर खांदा इतका आणि बाही इतकी, असें प्रमाण त्यांत ठरलेलें असतें. कागदी नमुन्यांची गोष्टही हीच. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतल्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानें १८६३ सालीं निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकावयास काढिले, आणि घरीं शिवणाऱ्या असंख्य स्त्रियांची सोय झाली. परंतु कोष्टकांतला मनुष्य कोठेंही जन्मास आलेला नाहीं. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षां किंचित् उतरता असतो. कोणाचे हात छातीच्या मानानें लांब, तर कोणाची पाठ रुंद. तेरा-चौदा वर्षांच्या वयांत तर शरीर दर सहा महिन्यांनीं नवें प्रमाण धरीत असतें. अशा वयाची मुलगी दुकानांतल्या आरशासमोर उभी राहते. कपडा बगलेंत काचतो, खांद्यावरून ओघळतो, आणि ती मनांत म्हणते, माझेंच अंग बेढब आहे. बरोबरचें वडील माणूसही सहज बोलून जातें, ‘हिला कांहीं म्हणून नीट बसत नाहीं.’ वाक्य लहान आहे, पण तें वर्षानुवर्षें मनांत राहतें. पालकांनीं याचा विचार करावा.

वस्तुतः चूक कपड्याची असते, अंगाची नव्हे. आणि ही गोष्ट उपदेशानें पटत नाहीं, टेपानें पटते. मानेच्या मागच्या हाडापासून प्रत्येक खांद्याच्या टोंकापर्यंतचें माप वेगळें घ्यावें, आणि खांद्यांचा उतार आरशांत ताडून पाहावा. उतरत्या खांद्याकडची शिवण पाव इंच खालीं घ्यावी, व त्याच बाजूचा मुंढाही तितकाच खालीं उतरवावा. असा सदरा अंगावर सरळ बसतो, आणि आजवर जी उणीव वाटत होती ती ‘डावीकडे पाव इंच’ होऊन वहींत उतरते. मापें मात्र स्वतःचीं स्वतः घेऊं नयेत; हात उचलला कीं खांदा चढतो आणि माप चुकतें. आईनें, बहिणीनें किंवा भावानें तीं घ्यावीं. शिवाय अंगाचें माप तेंच कपड्याचें माप नव्हे. ३२ इंच छातीला ३२ इंचांचाच सदरा शिवला तर श्वास घेणें कठीण होईल. साध्या सुती सदऱ्यास चार ते सहा इंच सैल ठेवावें लागतें. चार कीं सहा, याचें उत्तर कोणत्याही पुस्तकांत नाहीं. कोणास मोकळें वावरावयास आवडतें, कोणास नेटकें. ज्या क्षणीं शिवणारा स्वतःस हा प्रश्न विचारतो, त्या क्षणीं धाटणीचा आरंभ होतो.

दुसरा धडा कापडाचा. एक सुती हातरुमाल घ्या व काठाच्या दिशेनें उभा ओढून पाहा. तो फारसा हलत नाहीं. ताण्याचे धागे ओढ झेलतात. आडवा ओढल्यास बाण्याचे धागे थोडे सैल पडतात. आतां तोच रुमाल समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून ओढा. तो लांबतो व मध्यें निमुळता होतो. धागा एकही लांबलेला नसतो. विणींतले बारीक चौरस तिरके होऊन भूमितींतल्या समभुज चौकोनाचा आकार घेतात, एवढेंच. या तिरक्या दिशेस शिंपी ‘उरेब’ म्हणतात. गळ्याच्या गोलाईला लावावयाची पट्टी उरेब कापतात ती याचसाठीं. सरळ कापलेली पट्टी गोलाईवर सुरकुत्या धरते.

फ्रान्समधील मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) या बाईंनीं या एका गुणावर आपली सारी कीर्ति उभारली. त्या कागदावर चित्र काढून बेत करीत नसत. लहानशा लाकडी बाहुलीवर कापड टाकावें, तें कसें पडतें तें पाहावें, आणि मग कात्री घ्यावी, अशी त्यांची रीत होती. १९२० नंतरच्या दशकांत त्यांचे उरेब कापलेले झगे कोठेंही न आवळतां अंगासरसे बसत, आणि ते दुरूनही ओळखूं येत. त्यांवर नांव लिहावयाची गरज नव्हती. आपणांस असे झगे शिवावयाचे नाहींत; पण कापडाला विचारून बेत करावा, ही रीत स्वस्तांतल्या छिटालाही लागू पडते. कापड सुती असेल तर कापण्यापूर्वीं भिजवून वाळवावें हें जातां जातां सांगून ठेवितों, कारण न भिजविलेलें कापड पहिल्या धुण्यांत आटतें आणि सगळी मापें व्यर्थ जातात.

कापडाच्या मर्यादेंतूनही धाटणी निघते. आपल्याकडील खणाची चोळी पाहा. बागलकोट जिल्ह्यांतील गुळेदगुड्ड येथें विणला जाणारा खण म्हणजे एका चोळीपुरतें कापड. दोन्ही कडांना काठ, मध्यें बारीक नक्षी. पन्हा लहान, लांबी मोजकी. त्यांतच पाठ, बाह्या, पुढचे भाग आणि बगलेचे तुकडे बसवावयाचे, आणि काठ बाहीच्या कडेला व खालच्या अंगाला येईल असे बसवावयाचे. चिंधी वायां घालविण्याची चैन बेतणारीला नव्हतीच. अशा अडचणींतून जो घाट निघाला, तो सुंदर म्हणून पिढ्यान्पिढ्या टिकला. ज्यांना दुकानांतलें हवें तें कापड हवें तितकें घेतां येतें त्यांना हा लाभ नाहीं, असें आम्हांस कित्येकदां वाटतें.

गरज आणि निष्ठा यांच्या ओढाताणींतून पोशाख कसा घडतो, याचीं दोन उदाहरणें या प्रांताशीं निगडित आहेत. सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ सालीं मुंबईस आल्या. बंगालच्या अंतःपुरांतला पोशाख बाहेर वावरण्यास पुरेसा नव्हता. त्यांनीं पारशी स्त्रियांची नेसण्याची पद्धत पाहिली, तिच्यांत आपल्या सोयीनें फेरफार केले, जोडीला पोलकें व परकर घेतला, आणि ती रीत पुढें बंगालभर पसरली. १८८३ सालीं वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फियाच्या थंडींत नऊवारी लुगडें पुरेना. तेव्हां त्या गुजराथी पद्धतीनें नेसूं लागल्या, पण विलायती झगा त्यांनीं घेतला नाहीं. १८८५ सालच्या त्यांच्या छायाचित्रांत शेजारीं जपान व सिरिया या देशांच्या विद्यार्थिनी आपापल्या देशच्या पोशाखांत आहेत, आणि आनंदीबाई आपल्या. या दोघींपैकीं कोणीही नवी तऱ्हा काढावयास बसली नव्हती.

आतां प्रत्यक्ष कामाविषयीं. आरंभ साध्या कुडत्यापासून करावा. जुन्या पद्धतीचा कुडता हा सरळ पट्ट्या, कळ्या आणि बगलेचे चौकोनी तुकडे यांचाच बनलेला असतो. त्यांत गोल कापण्याचें काम गळ्यापुरतेंच. पहिला कुडता जुन्या चादरीचा शिवावा, म्हणजे कात्री धरतांना हात कांपत नाहीं. दुसरा नव्या कापडाचा, पहिल्यांतल्या चुका काढून. तिसऱ्या वेळीं एकच गोष्ट बदलावी: गळा, किंवा बाहीची लांबी, किंवा खिशाची जागा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कोणत्या बदलानें काय घडलें तें कळत नाहीं. एक वही करावी. तींत कापडाचा तुकडा चिकटवून मापें लिहावीं, आणि तीन महिन्यांनीं तो कपडा किती वेळां अंगावर आला हेंही लिहावें. जो पेटींत पडून राहिला तो सर्वांत अधिक शिकवितो. रंग डोळ्यांस आवडला पण चेहऱ्यास शोभला नाहीं, बाही दिसावयास चांगली पण लिहितांना शाईंत बुडते, अशा गोष्टी त्याच सांगतो. पांच-सहा कपडे झाल्यावर वही चाळली असतां दिसून येतें कीं, तोच उभा गळा, तीच कोपराखालची बाही, तोच आंतला खिसा पुनः पुनः आलेला आहे. कोणीं ठरविलें नव्हतें. धाटणी म्हणतात ती हीच.

सर्वमान्य नियमांवर फार विसंबूं नये. आडव्या रेघांनीं मनुष्य जाड दिसतो, असें शिवणाच्या पुस्तकांतून नेहमीं लिहिलेलें असतें. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनीं एकोणिसाव्या शतकांतच दाखविलें होतें कीं, आडव्या रेघांनीं भरलेला चौरस उलट उंच व अरुंद भासतो. २०११ सालीं इंग्लंडांत स्त्रियांच्या पोशाखाच्या चित्रांवर प्रयोग झाले, त्यांतही रूढ समजुतीस आधार मिळाला नाहीं. आरसा हा पुस्तकापेक्षां बरा परीक्षक आहे.

मुलगेही हें काम शिकोत. बाजारांत शिंप्याच्या दुकानीं बसलेला पुरुष पाहून कोणास नवल वाटत नाहीं, पण घरांतल्या मुलानें सुईंत दोरा ओवला तर हंसूं येतें. हा न्याय आम्हांस समजलेला नाहीं. काज करावयास बसलेल्याला, एका सदऱ्यास किती हात लागतात हें न सांगतां कळतें. २०१३ च्या २४ एप्रिल रोजीं ढाक्याजवळ सावर येथें राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसें मेलीं. तीं जे कपडे शिवीत होतीं ते दूरदेशच्या दुकानांसाठीं होते, आणि त्यांचें नांव त्या कपड्यांवर कोठेंही नव्हतें. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत यापो येथील टबीथेची, म्हणजे दुर्कसेची, कथा आहे. ती मरण पावली तेव्हां विधवांनीं पेत्राला तिचा गुण शब्दांनीं वर्णन केला नाहीं. तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें रडत रडत दाखविलीं. कोणतें वस्त्र कोणाच्या हातचें, हें त्यांना ठाऊक होतें.

शेवटीं पालकांसाठीं एक सूचना. वाढत्या मुलांच्या कपड्यांना खालीं तीन इंचांची दुमड ठेवावी, आणि ती यंत्रावर न शिवतां हातानें, सैल टाक्यांनीं घालावी. म्हणजे उसवितांना कापड फाटत नाहीं. दुमड उकलल्यावर जुन्या घडीची फिकट रेघ दिसते. तीवर रंगीत फीत लावावी, किंवा मुलीच्याच हातीं सुई देऊन धावदोऱ्याच्या दोन रांगा घालूं द्याव्या. पुष्कळ झग्यांवरील सुरेख किनारीचा उगम अशाच एखाद्या रेघेंत असतो.