विश्लेषण : किनेसिऑलॉजीचा प्राध्यापक नेमताना अमेरिकी विद्यापीठे नेमके काय पाहतात?

अमेरिकेत दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून विद्यापीठांतील प्राध्यापकपदांच्या जाहिराती निघू लागतात. त्यात किनेसिऑलॉजी आणि व्यायामशास्त्राच्या जागाही असतात. फिजिओथेरपी, शारीरिक शिक्षण किंवा बायोमेडिकल इंजिनीअरिंग शिकून तिकडे पीएचडीला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचेही लक्ष या जाहिरातींकडे असते. मात्र संशोधन निधीवरची टांगती तलवार आणि व्हिसाचे वाढलेले शुल्क यांमुळे या भरतीचे गणित बदलले आहे. ते कसे, याविषयी…

किनेसिऑलॉजी म्हणजे काय?

माणसाच्या शरीराच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे किनेसिऑलॉजी. ‘किनेसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ हालचाल. व्यायामाने स्नायू आणि हृदयात काय बदल होतात, चालताना गुडघ्यावर किती भार येतो, पक्षाघातानंतर मेंदू पुन्हा हालचाल कशी शिकतो, खेळाडूच्या मनावरचा ताण, शाळेतील शारीरिक शिक्षण, खेळाचा इतिहास हे सारे एकाच विभागात येते. पदवीला गर्दीही मोठी असते, कारण फिजिकल थेरपी किंवा वैद्यकीय शिक्षणाकडे जाऊ इच्छिणारे अनेक जण आधी हा विषय घेतात.

शारीरिक शिक्षणाचे नाव मागे का पडले?

अमेरिकेतील यापैकी बहुतेक विभाग एकेकाळी ‘शारीरिक शिक्षण’ या नावाने ओळखले जात आणि त्यांचे मुख्य काम शाळांसाठी शिक्षक तयार करणे हे होते. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९६३ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावरील पुस्तकात या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर कडक टीका केली. पुढच्याच वर्षी बर्कले येथील प्राध्यापक फ्रँकलिन हेन्री यांनी शारीरिक शिक्षण ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे, अशी मांडणी केली. त्यानंतर मैदानाइतकेच, पुढे त्याहूनही अधिक महत्त्व प्रयोगशाळेला आले. विभागांची नावे बदलली आणि प्राध्यापक निवडीचे निकषही बदलले.

निवड प्रक्रिया कशी चालते?

विभागातील प्राध्यापकांची निवड समिती नेमली जाते. उमेदवाराकडून संशोधनाचा आराखडा, अध्यापनविषयक निवेदन आणि साधारण तीन शिफारसपत्रे मागवली जातात. त्यातून निवडक जणांच्या ऑनलाइन मुलाखती होतात आणि शेवटी तीन-चार जणांना विद्यापीठात बोलावले जाते. ही भेट दीड-दोन दिवसांची असते. संशोधनावर जाहीर व्याख्यान, वर्गात प्रात्यक्षिक पाठ, अधिष्ठात्यांशी चर्चा, विद्यार्थ्यांशी गप्पा, एवढेच नव्हे तर रात्रीचे जेवणही निवडीचाच भाग. काही ठिकाणी स्लाइडशिवाय, केवळ फळ्यावर पुढील पाच वर्षांची संशोधन योजना मांडायला सांगतात. कोणत्या अनुदानासाठी कधी अर्ज करणार, हा प्रश्न तेथे हमखास येतो.

‘स्टार्ट-अप पॅकेज’ म्हणजे काय?

निवड झाल्यावर वाटाघाटी पगारापेक्षा प्रयोगशाळेवरून अधिक रंगतात. श्वासातील ऑक्सिजन मोजणारी यंत्रणा, जमिनीवरचा दाब टिपणारे फोर्स प्लेट, हालचाली टिपणारे कॅमेरे, स्नायूंचे नमुने साठवण्यासाठी उणे ८० अंशांचा फ्रीझर अशी यादी उमेदवार देतो. उपकरणे, पीएचडी विद्यार्थ्यांचे विद्यावेतन आणि सुरुवातीच्या प्रयोगांचा खर्च धरून मोठ्या संशोधन विद्यापीठांत ही रक्कम काही लाख डॉलरवर जाते. विद्यापीठाच्या दृष्टीने ही गुंतवणूक असते आणि तिची वसुली अनुदानांतून अपेक्षित असते.

अनुदानाला इतके महत्त्व का?

यामागे तीन कारणे आहेत. पहिले, प्राध्यापकाचा पगार बहुधा नऊ महिन्यांचाच असतो. उन्हाळ्यातील पगार अनुदानातून काढावा लागतो. दुसरे, राष्ट्रीय आरोग्य संस्था म्हणजे एनआयएच संशोधनाच्या थेट खर्चाशिवाय इमारत, वीज, प्रशासन यांसाठी विद्यापीठाला वेगळी रक्कम देते. या अप्रत्यक्ष खर्चाचा दर सरासरी २७ ते २८ टक्के असून काही ठिकाणी तो ६० टक्क्यांहून अधिक आहे. तिसरे कारण प्रतिष्ठेचे. कार्नेगी वर्गीकरणात ‘आर१’ हा संशोधनातील सर्वोच्च दर्जा मिळवण्यासाठी २०२५ पासून वर्षाला किमान ५ कोटी डॉलरचा संशोधन खर्च आणि ७० संशोधन डॉक्टरेट असा निकष आहे. उमेदवारालाही हे टळत नाही. साधारण सहाव्या वर्षी कायम नेमणुकीचा, म्हणजे ‘टेन्युअर’चा फैसला होतो. मोठ्या विद्यापीठांत तोवर एनआयएचचे ‘आर०१’सारखे मोठे अनुदान हाती असावे, अशी अपेक्षा असते. टेन्युअर नाकारले गेले, तर साधारण वर्षभरात नोकरी सोडावी लागते.

यात नुकसान कोणाचे?

मधुमेह, वार्धक्य, कर्करोग यांच्याशी व्यायामाचा संबंध जोडणाऱ्या संशोधनाला पैसा आहे. व्यायामाने शरीरात रेणूंच्या पातळीवर काय घडते, हे शोधण्यासाठी एनआयएचने २०१६ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलरचा ‘मोटरपॅक’ प्रकल्प हाती घेतला. त्यामुळे जागा निघाली की वैद्यकीय महाविद्यालयात पोस्ट-डॉक्टरेट केलेल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे पारडे जड ठरते. शाळेत खेळ कसा शिकवावा किंवा खेळाचे समाजशास्त्र यांवर काम करणाऱ्यांना एवढी अनुदाने उपलब्धच नाहीत. असा प्राध्यापक निवृत्त झाला की त्याच्या जागी त्याच विषयाचा माणूस येईलच, याची खात्री नसते. मुलांना खेळायला शिकवणारे शिक्षक घडवण्यासाठी जे विभाग सुरू झाले, तेथेच ते काम कडेला पडते, अशी ही विसंगती आहे.

२०२५ मध्ये काय बदलले?

फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने अप्रत्यक्ष खर्चाचा दर सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. एप्रिलमध्ये संघीय न्यायालयाने त्याला मनाई केली. पण विद्यापीठे धास्तावली ती धास्तावलीच. हार्वर्डसह अनेक विद्यापीठांनी त्या काळात भरती थांबवली किंवा आवरती घेतली. ज्या गुंतवणुकीची वसुली अनिश्चित, ती करायला कोण धजावणार? सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. विद्यापीठांना एच-१बीच्या वार्षिक संख्यामर्यादेतून सूट आहे, पण या शुल्कातून नाही. मात्र अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीकडे वळणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये करण्यात आला. म्हणजे तेथे पीएचडी करणाऱ्याला वाट मोकळी, पण पुण्यातून किंवा नागपुरातून थेट अर्ज करणारा विद्यापीठाला महाग पडणार.

आपल्याकडे काय स्थिती?

भारतात हा विषय प्रामुख्याने ‘शारीरिक शिक्षण’ या नावानेच ओळखला जातो. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा नियमात बसणारी पीएचडी लागते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार शैक्षणिक गुण आणि शोधनिबंध केवळ मुलाखतीला बोलावण्यापुरते मोजले जातात, अंतिम निवड मुलाखतीवरच होते. राज्य विद्यापीठांत नेमणुकीबरोबर प्रयोगशाळेसाठी मोठी रक्कम हाती ठेवण्याची पद्धत नाही. राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा २०१८ मध्ये झाला. त्यानंतर महाराष्ट्रानेही पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापन करण्याचे ठरवले. अशा संस्थांना क्रीडाविज्ञानाचे संशोधक हवे असतील, तर माणसाबरोबर त्याच्या प्रयोगशाळेचाही विचार करावा लागेल. मात्र केवळ अनुदानावर निवड केली, तर मैदानावरचा शिक्षक घडवणार कोण, हा अमेरिकेपुढचा प्रश्न येथेही उभा राहील. परदेशातून परतण्याच्या विचारात असलेल्या उमेदवाराने तूर्त एक करावे. पदाची जाहिरात वाचताना वेतनश्रेणीबरोबर उपकरणे, जागा आणि सुरुवातीचा निधी यांविषयी लेखी विचारणा करावी.