दूध बंद? जपानी मिठाई चालू!

डॉक्टरांनी दूध, दही, तूप, चीज सगळ्यावर फुली मारलीय? दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, इथे तर ताकसुद्धा बाद! मग चला जपानला.

तिथली पारंपरिक मिठाई म्हणजे 'वागाशी'. ती दुधाच्या वाटेला सहसा जातच नाही, माहीत आहे का? पेढे-बासुंदीवर वाढलेल्यांना हे पचायला जरा जडच.

मग हीरो कोण? चक्क कडधान्य! मूग-उडदाच्या भावकीतली लाल 'अझुकी' शिजवून साखरेत घोटली की 'आन्को' तयार. आपलं पुरणच की, फक्त वर तुपाची धार नाही.

हेच पुरण चिकट तांदळाच्या मऊ मोचीत भरलं की झाला 'दाइफुकु'. (चपला शिवणारा मोची वेगळा!) पण घास छोटा घ्या हं. मोची घशात अडकते, म्हणून टोकियोचं अग्निशमन दल नववर्षाच्या सुमाराला लोकांना सावध करतं. मिठाईसाठी फायर ब्रिगेड!

'योकान' या वडीच्या नावाचा अर्थ माहीत आहे का? मेंढीचा रस्सा! चीनहून आलेल्या या पदार्थातलं मांस झेन भिक्षूंना चालेना, म्हणून कडधान्य आलं. आज ती घट्ट होते चायना ग्रासवर. मेंढी फक्त नावापुरती.

आता ब्रेक दाबा. जपानीत दुधाचं अक्षर वाचतात 'न्यू'. जुन्या मिठाईत सहसा 'न्यू' नाही, न्यू मिठाईत मात्र बरेचदा! 1981 पासून मिळणाऱ्या 'युकिमी दाइफुकु'च्या पोटात आइस्क्रीम असतं. बर्फाच्या 'काकिगोरी'वर कंडेन्स्ड मिल्क ओततात. माशाच्या आकाराच्या 'तायाकी'त पुरणाऐवजी कस्टर्डही भरतात, तेही बहुतेक त्याच साच्यात. डोरेमॉनचा लाडका 'दोरायाकी'? पिठात कधी दूध असतं, कधी नसतं.

पाकीटबंद पदार्थावर दुधाचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. पण गंमत बघा, 'तोन्यू' म्हणजे सोयामिल्क: अक्षरात दूध, पेल्यात थेंब नाही! उलट नुसतं 'बाता' लिहिलेलं दिसलं तर पळा. ते बटर आहे.

आणि हो, लॅक्टोज न पचणं वेगळं, दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी वेगळी. लॅक्टेजची गोळी दुसऱ्या प्रकारात काहीच कामाची नाही.

सुट्या मिठाईला आणि हॉटेलांना लेबलची ती सक्ती नाही. तिथे विचारायचंच, शक्यतो जपानीत लिहिलेलं कार्ड पुढे करून. तोंडी हवं तर पाठ करा: 'ग्यून्यू आरेरुगी देसु', मला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. यातलं 'आरेरुगी' कुठून आलं, माहीत आहे का? जर्मनमधून!