राजाला नाकारलेली कबर

रमजानचा महिना उतरणीला लागला की मशिदीच्या दारातली दानपेटी लवकर भरू लागते. फित्रा, सदका, जकात यांचे पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जातात. ज्याच्याकडे ते विश्वासाने सोपवले जातात, त्याला अरबी-उर्दूत ‘अमीन’ म्हणतात. हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांना मक्केचे लोक नबुवतीच्या आधीपासूनच याच नावाने ओळखत.

अशीच एक दानपेटी सुमारे २८०० वर्षांपूर्वी जेरुसलेमच्या मंदिरात होती. ती ठेवणारा यहूदाचा राजा योआश. कुरआनात त्याचे नाव नाही. पण यहुदी आणि ख्रिस्ती ज्याला पवित्र ग्रंथ मानतात, त्यात राजे आणि इतिहास या पुस्तकांत त्याची हकिकत आहे.

योआश तान्हा असताना त्याचा बाप मारला गेला. आजी अथल्या हिने गादीसाठी राजघराण्याचा वंशच संपवायला घेतला. योआशला त्याची आत्या यहोशेबा हिने दाईसह लपवले. तिचे यजमान यहोयादा हे मंदिराचे मुख्य याजक. सहा वर्षे हे मूल मंदिरात गुपचूप वाढले. सातव्या वर्षी यहोयादाने पहारेकऱ्यांना विश्वासात घेतले आणि त्या सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावर मुकुट ठेवला. जीव आणि राज्य, दोन्ही योआशला या एका घराने दिले.

पुढे त्याने पडझड झालेल्या मंदिराच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले. वर्षे गेली, काम हलेना. तेव्हा झाकणाला भोक पाडलेली एक पेटी ठेवण्यात आली. लोक आनंदाने पैसे टाकू लागले. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक रक्कम मोजत आणि कामावरच्या मुकादमांकडे देत. तिथून ती सुतार, गवंडी, पाथरवटांपर्यंत पोहोचे. मुकादमांकडे कुणी हिशेब मागत नसे, कारण ते इमानाने काम करत होते. असा भरवसा मिळवायला साधी माणसे पुरली.

पण राजाचे इमान दुसऱ्याच्या आधारावर उभे होते. यहोयादा वारल्यावर दरबारी आले, लवून मुजरे केले आणि राजा त्यांचे ऐकू लागला. ज्या मंदिराची डागडुजी केली, तेच सोडून तो मूर्तींच्या मागे गेला. यहोयादाचा मुलगा जखऱ्या लोकांसमोर उभा राहिला आणि त्याने स्पष्ट शब्दांत बजावले. राजाच्या हुकमाने त्याला मंदिराच्या अंगणातच दगडांनी ठेचून मारण्यात आले. ज्या आवारात योआशचा जीव वाचवला गेला, तिथेच वाचवणाऱ्याच्या मुलाचा जीव घेतला गेला.

वर्ष फिरते न फिरते तोच अरामचे थोडेसे सैन्य चालून आले आणि यहूदाच्या मोठ्या फौजेला भारी पडले. योआश जखमी झाला आणि त्याच्याच चाकरांनी त्याला अंथरुणावर ठार केले. त्याने ४० वर्षे राज्य केले होते. इतिहासाच्या पुस्तकातील नोंदीप्रमाणे त्याला दावीदनगरात पुरले, पण राजांच्या कबरस्तानात नाही. तिथे जागा मिळाली होती ती राजा नसलेल्या यहोयादाला.

माणूस गेल्यावर त्याच्या कर्मांची वही मिटते. मात्र अखंड चालणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती या तीन गोष्टी चालू राहतात, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. योआशची पेटी अशा दानात मोडली असती. पण आज त्याचे नाव निघते ते जखऱ्याच्या रक्तासह. कर्मांचा निवाडा शेवटावर होतो, ही बुखारीतील हदीस इथे आठवते.

रमजान हाही एका अर्थी यहोयादाच असतो. तो पहाटे सहरीला उठवतो, जिभेला आवर घालतो, खिशातला हात बाहेर काढायला लावतो. आजूबाजूला सगळेच रोजेदार असताना रोजा सोपा जातो. ईदचा चंद्र दिसतो आणि हा पालक वर्षभरासाठी निघून जातो. मग दुकानातला तराजू, कचेरीतली सही, शेजाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, भावाच्या वाट्याची जमीन या सगळ्यांसमोर माणूस एकटा उरतो. मुजरा करणारे दरबारी तेव्हाच येतात. गणपती उठल्यावर, चातुर्मास संपल्यावर, ईस्टरआधीचे उपवास सुटल्यावर प्रत्येकाच्या दारी हीच वेळ येते.

योआशला चांगले काय ते ठाऊक नव्हते असे नाही. ते त्याने स्वतः केलेही होते. सांगणारा माणूस गेल्यावर ते त्याच्या हातून सुटले, एवढेच.