रंगांची भावना : चित्रकार गायतोंडे यांची ध्यानसाधना

योग म्हटला की प्रथम आसने आठवतात. ध्यान हे अष्टांगांतील सातवे अंग मात्र उपदेशापुरतेच उरते. ते आयुष्यभराच्या कर्मात कसे उतरते, याचे उदाहरण आम्हा वैदर्भीयांच्या जवळचेच आहे.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूर येथे झाला. घराणे मूळ गोव्याचे. १९४८ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाची पदविका घेतल्यानंतर काही वर्षांतच त्यांनी आकृती सोडून रंग, प्रकाश व अवकाश यांचा मार्ग धरला. झेन विचाराचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. संस्कृतातील ‘ध्यान’ हाच शब्द चीनमध्ये ‘चान’ व जपानमध्ये ‘झेन’ झाला, हे येथे ध्यानी घ्यावे. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००१ मध्ये ते निवर्तले.

त्यांची कार्यपद्धती रसशाळा चालविणाऱ्यांस ओळखीची वाटेल. रोलर व पॅलेट नाइफने रंगाचा थर द्यावयाचा, काही खरवडून काढावयाचा, थांबावयाचे, पुन्हा थर द्यावयाचा. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. बराचसा काळ मौनात व पाहण्यात जाई. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास हाताळणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान रेखाटने केली. साधन बदलले, साधना खंडित झाली नाही.

आपल्या भावनाविधीचे मर्म हेच नव्हे काय? चूर्ण द्रवात खलावे, सुकवावे, पुन्हा खलावे. सातऐवजी तीन भावना दिल्या तरी वेष्टनावरील घटकांची यादी तीच राहते. फरक पडतो तो रुग्णाच्या अनुभवास. हे औषधनिर्मात्या बंधूंनी मनावर घ्यावे.

चिकित्सकांचेही तसेच. चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजय चिकित्सा सांगितली. अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे तिचे स्वरूप. शेगावी दर्शनास येणारे अनेक यात्रेकरू निद्रानाशाची तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. चिठ्ठीच्या तळाशी ‘ध्यान करावे’ एवढेच लिहिल्याने त्यांचे कार्य साधत नाही. किती वेळ, कोणत्या समयी, किती महिने, हे औषधाच्या मात्रेप्रमाणेच सांगावे लागते आणि पुढील भेटीत विचारावेही लागते. पतंजलींनी अभ्यासास दीर्घकाळ, सातत्य व आदर या तीन अटी घातल्या आहेत. गायतोंडे यांनी त्या कुंचल्याविनाही पाळल्या. आपण त्या खलात व चिकित्सालयात पाळाव्यात, इतकीच विनंती.